लढाईवरून न परतलेल्यांचा शोध

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले आणि सुमारे ४५,००० हिंदी सैनिक जपान्यांच्या कैदेत गेले. काही आझाद हिंद सेनेत सामील झाले. उरलेल्यांतील हजारोंना न्यू गिनी, न्यू ब्रिटनसारख्या बेटांवर मजुरीला नेले. उपासमारीने आणि रोगाने अनेकांनी तिथेच प्राण सोडले. कित्येक घरांत आला तो फक्त ‘बेपत्ता’ हा शब्द.

बंधू-भगिनींनो, आपल्या घरातले असे कोणी आजोबा, पणजोबा असतील तर शोध अजूनही घेता येतो. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची मृत सैनिकांची यादी इंटरनेटवर फुकट पाहता येते. सिंगापूरला क्रांजी येथील स्मारकावर, ज्यांची कबर ठाऊक नाही अशा २४,००० हून अधिक जणांची नावे आहेत. पुष्कळ हिंदी जवानांच्या नोंदीत वडिलांचे व गावाचे नावही सापडते.

मात्र नाव इंग्रजीत कसेही लिहिलेले असते. आडनाव नसेल, किंवा घराण्याने ते पुढे बदलले असेल. म्हणून दोन-चार तऱ्हांनी शोधावे. जुनी पत्रे, पेन्शनचे कागद, पदके यांवर शिपाई नंबर आणि पलटण पाहावी.

हे ठाऊक असलेली म्हातारी माणसे आता थोडीच उरली आहेत. आम्ही एवढेच सांगतो: यादी नंतर पाहू, आधी त्यांच्याजवळ बसून नाव, वडिलांचे नाव, गाव, तालुका लिहून घेऊ.