आधी संपवणाऱ्या गटाला शाबासकी कशाची?

वर्गात गटकार्य दिले की एक गट दहा मिनिटांत मोकळा होतो, दुसऱ्याचे तास संपला तरी होत नाही. पहिल्याला शाबासकी, दुसऱ्याला "अजून किती वेळ?" आणि घंटा झाली की त्याचा अर्धवट कागद गोळा. लवकर झालेल्यांना जादा काम द्या, एवढाच उपाय सांगितला जातो. पण लवकर कोणाचे होते आणि का, हे विचारायचे कोणी?

वालचंदनगर परिसरात हा प्रश्न टाळता येत नाही. 1930 च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी इथे साखर कारखाना उभारला. आज याच गावात इस्रोच्या अग्निबाणांचे भाग बनतात. आणि शेजारी भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याच्या हंगामाला उसाच्या फडात कोयते उतरतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. माणसांची मोजणीच हत्याराने! त्यांची पोरे शाळेत येतात तेव्हा पहिले सत्र उरकलेले असते. शिक्षण हक्क कायदा 2009 चे कलम 4 अशा मुलांना वयानुरूप वर्गात प्रवेश देते, तसाच विशेष प्रशिक्षणाचा हक्कही देते. दुसरे विसरून पहिलेच पाळले, तर पोर वर्गात बसूनही वर्गाबाहेरच.

"मिश्र गट केलेत की!" असे गुरुजी म्हणतील. त्या गटात पेन कोणाच्या हातात आहे, ते पाहा. शिकवणीला जाणारा लिहितो, फडावरची पोरगी पट्टी धरते, कागद चिकटवते. काम झटपट होते ते यामुळेच. श्रमविभागणीच्या नावाखाली श्रमिकांचीच विभागणी कशी होते, हे बाबासाहेबांनी 1936 साली दाखवले. ती चौथीच्या वर्गात, सहा पोरांच्या गोलातही होते.

म्हणून आधी संपवणाऱ्या गटाकडे आधी जा. ज्याने पेन धरले नाही त्याला विचारा, उत्तर कसे आले? त्याला सांगता आले नाही, तर गटाचे काम झालेले नाही, बसा पुन्हा. यात हुशारांचे नुकसान होते म्हणे! समजावून सांगणे हे लिहून मोकळे होण्यापेक्षा अवघड काम आहे, त्यांनाही ते शिकू द्या. फक्त त्यांना मॉनिटर करून इतरांच्या डोक्यावर बसवू नका. ती हौस आपल्या समाजाला आधीच फार आहे.

खरेच झाले असेल, तर त्या गटाने दुसऱ्या गटासाठी गणित तयार करावे. एक मोळी किती किलोची, टनाला किती मोळ्या, उचल फिटायला किती टन तोडावे लागतील? हे आकडे फडावरच्या पोरीला विचारावे लागतील, आणि पेनही तिच्याच हाती द्यावे. मागे राहिलेल्या गटाचा कागद मात्र गोळा करू नका. उद्याचा तास तिथूनच सुरू करा.