तूप, तुप्प आणि म्युनिकचा उन्हाळा

सुट्टीत परदेशी जाऊन आलेल्या माणसाला सगळे एकच विचारतात, "काय काय पाहिलंत?" आम्हालाही विचारलं. आम्ही फोटो दाखवले, चॉकलेटं वाटली. पण एक गोष्ट कुणाला सांगितली नाही, कारण सांगताना थोडी लाज वाटत होती. ती आज तुम्हाला सांगते.

आम्ही बेंगळुरूचे मराठी. मल्लेश्वरमला राहायला येऊन अकरा वर्षं झाली. यंदा नवऱ्याचं म्युनिकला दोन महिन्यांचं काम निघालं. इथल्या शाळांची मोठी सुट्टी एप्रिल-मेमध्येच असते, म्हणून आम्हीही निघालो: मी, चौथीतली लेक आणि माझ्या सासूबाई. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, त्यामुळे दोन महिने आरामात बसत होते.

बॅगा भरताना पहिला वाद झाला तुपावरून. बाहेरच्या देशांतून युरोपीय संघात जाताना प्रवाशाला दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे नाहीत आणि आईंच्या हातचं कढवलेलं तूपही नाही. "तुपाशिवाय वरणभात कसला गं?" आई म्हणाल्या. पण बरणी इथेच राहिली. तुम्ही जाणार असाल तर हे लक्षात ठेवा, नाहीतर विमानतळावर हळहळत बसाल.

जायच्या महिनाभर आधीपासून मी मोबाइलवर रोज अर्धा तास जर्मन शिकत होते. 'बिट्टे' म्हणजे कृपया, 'डांके' म्हणजे धन्यवाद. तिथे गेल्यावर कळलं, म्युनिक ज्या बव्हेरिया राज्यात आहे, तिथे दुकानात शिरताना 'ग्र्यूस गॉट' म्हणतात. देव तुमचं भलं करो, असा काहीसा अर्थ. आईंना ते फार आवडलं. "म्हणजे आपला रामरामच की!" म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून बेकरीतल्या बाईंना अगदी ठसक्यात म्हणू लागल्या.

तिथले नियमही आम्ही भराभर शिकलो. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे शनिवारीच दूध-ब्रेड आणायचा. काचेच्या रिकाम्या बाटल्या पेटीत टाकायच्या, पण रविवारी नाही, आवाजाने शेजाऱ्यांना त्रास होतो. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते. बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की पैसे परत. हे खातं लेकीने स्वतःकडे घेतलं. एप्रिलमध्ये बाजारात पांढरा शतावरीचा कोंब आला, त्याला 'श्पार्गेल' म्हणतात. २४ जूनला त्याचा हंगाम संपतो, तोवर त्याचं कौतुक आपल्याकडच्या हापूससारखं! मेच्या अखेरीला तर रात्री नऊपर्यंत उजेड. आईंना प्रश्न पडला, "सूर्यच मावळेना, मग दिवेलागण कधी म्हणायची?"

"आपण त्यांच्या गावात आलोय, त्यांच्या रीतीने वागायचं," असं मी लेकीला रोज बजावत होते. स्वतःवर खूश होते म्हणा ना.

आमच्या घराजवळ वेस्टपार्क होतं. १९८३च्या आंतरराष्ट्रीय उद्यान प्रदर्शनासाठी तयार केलेली ही मोठी बाग. त्यात एक नेपाळी लाकडी पॅगोडा आहे. आई रोज संध्याकाळी तिथवर फिरायला जायच्या. एके दिवशी चालता चालता थबकल्या. बाकावर साडीवर स्वेटर घातलेल्या एक आजी फोनवर कन्नड बोलत होत्या. हासनच्या होत्या, लेकीच्या बाळंतपणाला आल्या होत्या.

आई मूळच्या सोलापूरच्या. तिथे मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही भाषा कानावर पडतात आणि आईंचा शेजार कन्नड होता. दोघींची अशी गट्टी जमली की विचारू नका. रोज पाचला त्याच बाकावर भेट ठरलेली. शाळेत कन्नड शिकणारी माझी लेकही मध्येच तोंड घालायची. मी मात्र शेजारी बसून नुसती हसून मान डोलवायची.

एकदा त्या आजींनी पिशवीतून छोटी बाटली काढली आणि म्हणाल्या, "तुप्प." तिथलंच लोणी घरी कढवून केलेलं तूप! त्या सगळ्या बोलण्यात मला कळलेला हा एकच शब्द. आपलं तूप, त्यांचं तुप्प. मग त्यांनी लेकीला विचारलं, "बेंगळुरूला किती वर्षं?" लेक म्हणाली, "हन्नोंदु." अकरा. आजींनी कौतुकाने माझ्याकडे पाहिलं आणि कन्नडमध्ये काहीतरी विचारलं. मला फक्त "कन्नड गोत्तिल्ल" एवढंच म्हणता आलं. येत नाही.

त्या हसल्या, रागावल्या नाहीत. मीच रात्रभर अस्वस्थ होते. दोन महिन्यांच्या मुक्कामासाठी चाळीस जर्मन शब्द पाठ केले आणि अकरा वर्षांच्या घरासाठी हे एकच वाक्य? कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. बेंगळुरूची माणसं समोरच्याची अडचण पाहून चटकन हिंदी-इंग्रजीवर येतात. त्यांच्या या चांगुलपणावर मी अकरा वर्षं निभावून नेलं. परक्यांशी सभ्यपणाने वागायला शिकले आणि शेजाऱ्यांना गृहीत धरलं.

"अगं, एवढं काय अवघड आहे?" आई म्हणाल्या. "अक्का, अण्णा तर आपणही म्हणतो. आपल्या विठ्ठलाला संतांनी कानडा म्हटलंय." मग त्यांनी द. रा. बेंद्रे यांची आठवण काढली. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी. १९४४ ते १९५६ ते सोलापूरच्या डी.ए.व्ही. कॉलेजात कन्नडचे प्राध्यापक होते आणि 'नाकु तंती' या कन्नड काव्यसंग्रहासाठी त्यांना १९७३चं ज्ञानपीठ मिळालं.

मला ज्ञानपीठ नको होतं, गजरा हवा होता. परत आल्यावर मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसला फुलवाल्या अक्कांसमोर उभी राहिले आणि धीर करून विचारलं, "ओंदु मोळ एष्टु?" मोळ म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचं माप, आपला जुना 'हात'. त्यांनी किंमत सांगितली, ती मला कळलीच नाही. त्या लगेच हिंदीवर आल्या. मी म्हटलं, "बेड, कन्नडदल्ले हेळि." नको, कन्नडमध्येच सांगा. त्यांनी बोटं दाखवत सावकाश पुन्हा सांगितलं आणि गजरा मोजताना चार बोटं जास्त दिला.

तुमच्यापैकी कितीतरी जण आपलं गाव सोडून दुसरीकडे राहत असाल. तिथल्या भाषेतली किती वाक्यं येतात तुम्हाला? सुट्टीची, व्हिसाची वाट पाहू नका. या आठवड्यात पाच वाक्यं शिका. बेंगळुरूत असाल तर सुरुवात "ऊटा आय्ता?"पासून करा. जेवलात का, असा त्याचा अर्थ. मी रोज विचारते आणि आता उत्तरही कळतं.