माळ ओसाड नसतो



वैशाखाच्या उन्हात अफजलपुराहून अक्कलकोटच्या वाटेने जाणारा परगावचा पाहुणा मोटारीच्या खिडकीतून बाहेर पाहतो आणि हळहळतो, "काय हा उजाड मुलूख! झाड नाही, सावली नाही." पिवळा पडलेला माळ, भेगाळलेली काळी जमीन, मधूनच एखादी बाभूळ नाहीतर बोर, आणि दूर भीमेच्या काठाशी तेवढी हिरवी रेघ. त्याचे बोलणे ऐकून आपणही खजील होतो. जणू ह्या भूमीवर पूर्वी घनदाट अरण्य होते आणि ते आपण गमावले. ही समजूत कितपत खरी आहे, याचा आज थोडा विचार करू.

त्यासाठी भीमेलाच साक्षीला घेऊ. तिचा उगम भीमाशंकराच्या डोंगरात. तेथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. म्हणून तेथे बारमाही हिरवे रान आहे, आणि झाडांच्या शेंड्यांवरून उड्या घेत सहसा जमिनीला पाय न लावता हिंडणारा शेकरू आहे. तीच नदी पूर्वेकडे शंभर-दीडशे किलोमीटर आली, इंदापुराच्या बाजूला पोहोचली, की पावसाचे मान पाचशे मिलिमीटरांच्या आसपास उतरते. रान सरते आणि माळ लागतो. पुढे आपल्या भागात ते थोडे वाढून सातशेच्या घरात जाते. कारण भाद्रपद-आश्विनात बंगालच्या उपसागराकडून येणारे ढग आपल्यालाही थोडा वाटा देतात.

इतक्या थोड्या अंतरात एवढा फरक का पडावा? अरबी समुद्रावरून येणारा ओला वारा सह्याद्रीला अडतो, वर चढतो, थंड होतो आणि आपले ओझे तेथेच टाकतो. डोंगर ओलांडून तो पूर्वेकडे उतरू लागला की पुन्हा तापतो. तापलेला वारा पाऊस देत नाही. उलट जमिनीतली ओल शोषून घेतो. आपण डोंगराच्या ह्या पाठीमागच्या पर्जन्यछायेत राहतो.

परंतु नुसता पावसाचा आकडा पाहून भागत नाही. लंडन शहरात वर्षाला साधारण सहाशे मिलिमीटरच पाऊस पडतो, म्हणजे आपल्याहून कमीच. तरीही तेथील हिरवळ प्रसिद्ध आहे. कारण तो पाऊस बारा महिन्यांत वाटून पडतो आणि हवा थंड असल्याने लवकर उडून जात नाही. आपला पाऊस चार-पाच महिन्यांत येऊन जातो आणि नंतर ऊन चाळीस अंशांच्या वर चढते. पाऊस किती, तो केव्हा आणि उष्णता किती, ह्या तिन्हींचा मेळ पाहूनच त्या त्या ठिकाणची जीवसृष्टी ठरते. हंबोल्ट ह्या जर्मन पंडिताने 1802 साली दक्षिण अमेरिकेतील चिंबोराझो पर्वत चढताना पाहिले की, जसजशी हवा थंड होते तसतशा वनस्पती ठरावीक क्रमाने बदलतात. पुढे वनस्पतिशास्त्राचा अभ्यासक असलेल्या कोपेनने झाडाझुडपांच्या साक्षीवरूनच जगाच्या हवामानाचे विभाग पाडले. विषुववृत्ताजवळ दाट अरण्ये, त्यांच्या दोन्ही अंगांना गवताळ प्रदेश, मग वाळवंटे, आणि थेट उत्तरेकडे सूचिपर्णी वने व बर्फाळ मैदाने, ही मांडणी त्यातूनच उलगडली.

ह्या मांडणीत आपला मुलूख बिघडलेले अरण्य नाही. तुरळक झाडांचा गवताळ प्रदेश, हेच त्याचे स्वाभाविक रूप आहे. कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते उन्हाळ्यात वाळलेली दिसतात. त्यांचा जीव मुळांत सुखरूप असतो आणि मृगाच्या सरी पडताच ती उठतात. काळवीट, लांडगा, खोकड, चंडोल, तित्तर ही ह्याच गवताची लेकरे. आपली ज्वारीसुद्धा मूळची गवताचीच जात. आफ्रिकेत सुदानाच्या बाजूच्या गवताळ प्रदेशात माणसाने तिला हजारो वर्षांपूर्वी माणसाळवले. येथे ती परकी वाटली नाही, कारण हवामान तिच्या ओळखीचे होते. आश्विनात पेरलेली मालदांडी पुढे फारसा पाऊस नसतानाही काळ्या मातीने धरून ठेवलेल्या ओलीवर उभी राहते. तुरीचे मूळही असेच खोल जाते. गुलबर्ग्याच्या तूरडाळीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात येथील माती-हवेचाच मोठा वाटा आहे.

पाण्यातही हाच नियम चालतो. डोंगरातले पाणी थंड आणि धावते, म्हणून त्यात प्राणवायू अधिक मावतो. आपल्याकडची भीमा रुंद, संथ व कोमट. येथे वेगळे मासे, वेगळे शेवाळ. उन्हाळ्यात धार आटली की मासे डोहांत तग धरतात आणि पहिल्या पुराबरोबर पुन्हा पसरतात. वाळू बेसुमार उपसली की हे आसरे नाहीसे होतात.

माळाला ओसाड समजण्यात हानी कोणती, असे कोणी विचारील. हानी मोठी आहे. ब्रिटिश अमदानीत जी जमीन सारा देत नसे तिला पडीक म्हणण्याची रीत पडली आणि ती सवय अद्याप सुटलेली नाही. पडीक म्हटले की कोणीतरी सद्भावनेनेच तेथे खड्डे खणतो आणि गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी दाटीने लावतो. सावलीखाली गवत मरते. मेंढपाळाचे कुरण जाते. उघड्या जमिनीवर एकच अंडे घालणारा आणि दूरवर दृष्टी पोहोचली तरच निर्धास्त राहणारा माळढोक तेथून उठतो. त्याच्यासाठी 1979 साली सोलापूरजवळ नान्नजला अभयारण्य झाले. आज जगात हा पक्षी दीडशेच्या आसपासच उरला आहे आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात आहेत. दुसरी हानी पिकांची. कोरड्या मुलखात ओल्या मुलखाचे पीक म्हणून ऊस वाढला, आणि विहिरींचे पाणी खोल गेले.

1972 च्या दुष्काळात खडी फोडलेली आजी-आजोबांची पिढी अजून काही घरांत आहे. 2020 च्या ऑक्टोबरात उपसागरातून आलेल्या वादळी पावसाने भीमेला आलेला पूर तर मुलांनीही पाहिला. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. म्हणून पुढे पाऊस कमी दिवसांत आणि अधिक जोराने पडण्याचा संभव आहे. अशा वेळी माती धरून ठेवणारे गवत व ओलीवर तगणारी ज्वारी ह्यांना हिणवणे आपल्याला परवडणारे नाही.

मग झाडे लावायचीच नाहीत काय? अवश्य लावावी. घराच्या अंगणात, विहिरीपाशी, बांधावर, ओढ्याच्या काठी कडुलिंब, चिंच, बाभूळ लावावी. माळ मात्र गवतासाठी राखावा. शेतात ज्वारी-तुरीला मानाची जागा असावी.

मुलांना एक काम सांगतो. सरळ काठाचा एक रिकामा डबा उघड्या गच्चीवर ठेवा. पावसाळाभर रोज सकाळी त्यातील पाणी पट्टीने मोजा, वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. दिवाळीत सारी बेरीज करा. मग आजोबांजवळ बसून माळावरच्या पाच गवतांची नावे विचारून घ्या आणि तीही त्याच वहीत उतरवा. पुढच्या वैशाखात कोणी पाहुणा आपल्या मुलखाला उजाड म्हणाला, तर त्याच्यापुढे ती वही ठेवा.