सूक्ष्मकण आणि त्यांचे मोजमाप

एखादा शास्त्रीय शब्द बाजारात उतरला की त्याचा अर्थ हळूहळू पातळ होत जातो. ‘नॅनो’ या शब्दाचे तसेच झाले आहे. भिंतीचा रंग, चेहऱ्याचे मलम, पाणी गाळण्याचे यंत्र, पिकावरची फवारणी या सर्वांच्या वेष्टनांवर तो मिरवतो. मध्यंतरी काही वर्षे तो एका मोटारीवरही मिरवून गेला. वस्तुतः हे मोजमापाचे नाव आहे. मीटरचा एक अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाच्या केसाची जाडी ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटरच्या आसपास भरते. ज्या शब्दाचा जन्मच मोजपट्टीवर झाला, त्याच्या नावाने चालणाऱ्या संशोधनात मोजण्याचेच काम दुय्यम ठरावे ही विसंगती आहे, आणि तिच्याकडे विद्यापीठांचे व निधी देणाऱ्या खात्यांचे लक्ष वेधणे अगत्याचे वाटते.

बहुवारिकांच्या, म्हणजे रोजच्या भाषेत पॉलिमरच्या, सूक्ष्मकणांचेच उदाहरण घेऊ. असे कण तयार करणे ही आता सिद्धी राहिलेली नाही. स्टायरीनसारखा द्रव साबणाच्या पाण्यात घुसळावा, भांड्यातील हवा घालवून नायट्रोजन सोडावा, चिमूटभर पोटॅशियम परसल्फेट टाकून साठ-सत्तर अंश सेल्सियसवर काही तास ढवळत ठेवावे. दुधासारखा पांढरा द्रव हाती येतो. त्या दुधात पॉलिस्टायरीनचे शंभर-दोनशे नॅनोमीटर व्यासाचे असंख्य गोळे तरंगत असतात. आपल्या घरांना लावला जाणारा इमल्शन रंग याच घराण्यातला. दुसरी रीत त्याहूनही सोपी. शस्त्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या, शरीरातच विरून जाणाऱ्या टाक्यांचे धागे ज्या लॅक्टिक व ग्लायकोलिक आम्लांच्या बहुवारिकापासून करतात, ते बहुवारिक ॲसिटोनमध्ये विरघळवून थेंब थेंब पाण्यात सोडले की ॲसिटोन पाण्यात मिसळून जाते आणि बहुवारिक कणरूपाने वेगळे होते. फिनाईलचे थेंब पडताच बादलीतले पाणी पांढरे होते, तसेच काहीसे दृश्य दिसते. फेसी आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेली ही पद्धत आज तालुक्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थीही एका दुपारी करून पाहू शकेल.

खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. त्या दुधात नेमके काय आहे? कण किती मोठे आहेत, सारखे आहेत की लहानमोठे, त्यांच्या पृष्ठावर विद्युतभार किती, महिन्याभराने ते एकमेकांना चिकटणार काय? याच कृतीने पुढच्या सोमवारी तेच कण मिळतील काय?

या बाबतीत एका जुन्या प्रयोगाची आठवण देणे अप्रस्तुत होणार नाही. १९०८ साली पॅरिसमध्ये झां पेरँ यांनी गंबोज नावाच्या पिवळ्या रंगद्रव्याचे कण अभ्यासाला घेतले. गंबोज म्हणजे झाडाचा वाळवलेला चीक, आणि ते झाड आपल्या कोकणातल्या कोकमाच्याच प्रजातीतले. हा चीक पाण्यात चोळला की कण आयते मिळतात. पण ते लहानमोठे असतात, आणि पेरँ यांना हवे होते ते अगदी सारख्या आकाराचे. त्यासाठी त्यांनी सुमारे एक किलो गंबोज घेतले आणि कित्येक महिने ते पुनःपुन्हा अपकेंद्री यंत्रातून फिरवून निवडत राहिले. अखेर हाती आले ते काही दशांश ग्रॅम! त्या कणांचा व्यास अर्ध्या मायक्रोमीटरहूनही कमी होता. पाण्यात उंचीप्रमाणे ते कसे विरळ होत जातात हे सूक्ष्मदर्शकाखाली एक एक कण मोजून त्यांनी पाहिले आणि त्यावरून ॲव्होगॅड्रो संख्या काढली. आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये मांडलेले गणितही त्यांनी अशाच कणांवर पडताळून पाहिले. अणू खरोखर असतात की ती केवळ सोयीची कल्पना आहे, हा वाद त्या चिकाने मिटवला. १९२६ चे नोबेल पारितोषिक पेरँ यांना मिळाले ते याच मोजणीतून निघालेल्या कामासाठी.

आज ती मोजणी एक यंत्र दोन मिनिटांत करते. लेसरचा किरण द्रवातून जातो, कणांच्या अविरत थरथरीमुळे विखुरलेला प्रकाश लुकलुकतो, त्या लुकलुकण्याच्या वेगावरून पडद्यावर एक आकडा उमटतो. हा आकडा फार फसवा असतो, आणि नेमके तेच विद्यार्थ्यांना क्वचित सांगितले जाते. इतक्या लहान कणांनी विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. म्हणजे शंभर नॅनोमीटरचा एक कण दहा नॅनोमीटरच्या दहा लाख कणांइतका प्रकाश विखुरतो. थोडी धूळ किंवा चार गठ्ठे नमुन्यात शिरले की सगळा निकाल त्यांच्या बाजूने झुकतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात कण डोळ्यांना दिसतात हे खरे. परंतु सामान्यतः ते तिथे कोरडे करून निर्वातात ठेवलेले असतात, आणि एका छायाचित्रात अब्जावधींपैकी पन्नास-साठच येतात. कोणते पन्नास निवडायचे हे छायाचित्र घेणाऱ्याच्या हाती. दोन्ही पद्धतींचे आकडे सहसा जुळत नाहीत आणि ते का जुळत नाहीत हे समजावून घेणे हाच अभ्यास. एका पद्धतीचा आकडा आणि दुसरीचे सुबक चित्र शेजारी छापून निबंध पुरा करणे, याला अभ्यास म्हणता येणार नाही.

हा काटेकोरपणा केवळ पंडिती नव्हे, कारण हे कण शेवटी रुग्णाच्या शिरेत जायचे असतात. कर्करोगावरील पॅक्लिटॅक्सेल हे औषध पाण्यात विरघळत नाही. त्यासाठी एरंडेलापासून बनवलेला एक द्रव वापरतात आणि त्याने काही रुग्णांना तीव्र प्रतिक्रिया येते. औषध बहुवारिकाच्या कणांत भरले तर तो द्रव टळतो. २००७ साली भारतात असे एक औषध बाजारात आले. त्यामागे दिल्ली विद्यापीठातील प्रा. अमरनाथ मैत्रा यांचे संशोधन होते. हे यश निःसंशय मोठे आहे. मात्र कण आपण होऊन थेट गाठीवर जाऊन पडतात, असे जे चित्र वृत्तपत्रांनी (आमच्यासह सर्वांनी) रंगवले ते वास्तवापासून दूर होते. टोरोंटोच्या संशोधकांनी २०१६ मध्ये मागील दहा वर्षांचे निबंध तपासले, तेव्हा टोचलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत पोचणाऱ्यांचे मध्यक प्रमाण ०.७ टक्के निघाले. पुष्कळसे कण यकृत व प्लीहा अडवतात, आणि कोण कुठे अडेल हे आकार व पृष्ठभाग यांवर बरेचसे ठरते.

आपल्या सरकारने २००७ साली पाच वर्षांसाठी एक हजार कोटी रुपयांचे नॅनो मिशन मंजूर केले, २०१९ मध्ये नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध झाली. कागदोपत्री उणीव फारशी नाही. उणीव आहे ती खालच्या पायरीवर. यंत्र घेण्यास अनुदान मिळते, ते चालवणाऱ्या कुशल तंत्रज्ञाच्या पगारास मिळणे कठीण. चार वर्षांनी लेसर निकामी झाला की यंत्रावर आच्छादन चढते. जिल्ह्याच्या गावातील संशोधक विद्यार्थी मुंबईच्या आयआयटीतील मध्यवर्ती उपकरण केंद्राकडे नमुना पाठवतो आणि आपली पाळी येण्याची वाट पाहतो. तोवर ते कण तसेच राहिले आहेत याची हमी कोणी द्यायची? २०२० पासून आय-स्टेम या शासकीय संकेतस्थळावर देशभरच्या यंत्रांची नोंद पाहता येते. त्याचा उपयोग वाढलाच पाहिजे, तथापि यंत्र कोठे आहे हे कळणे आणि ते सुस्थितीत मिळणे यांत अंतर आहे. प्रबंधापूर्वी निबंध छापण्याची सक्ती २०२२ च्या नियमांनी काढली, हे योग्यच झाले. पण मुलाखतीच्या टेबलावर निबंधांची गणती थांबलेली नाही. चार वेळा केलेल्या कृतीपैकी तीन बिघडल्या हे त्या गणतीत कोठेच बसत नाही. अनुदान देणाऱ्या खात्याने प्रत्येक प्रकल्पात देखभालीची व तंत्रज्ञाची रक्कम वेगळी राखून ठेवावी आणि अंतिम अहवालात फसलेल्या कृतींची संख्या सक्तीने मागावी.

महाविद्यालयांना मात्र अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. एक मायक्रोमीटरच्या पॉलिस्टायरीन कणांची छोटी बाटली, साधा सूक्ष्मदर्शक आणि विद्यार्थ्याच्या खिशातला भ्रमणध्वनी एवढ्यावर पेरँ यांचा एक प्रयोग पदवीच्या दुसऱ्या वर्षी होऊ शकतो: कणाची जागा दर काही सेकंदांनी आलेखपत्रावर टिपायची आणि त्या नागमोडी रेषेवरून त्याचा व्यास काढायचा. तो प्रात्यक्षिकांच्या यादीत घालण्यास अभ्यास मंडळाची एक बैठक पुरेशी आहे.