जुना पगार विचारू नये, नवा लपवू नये

नोकरीच्या जाहिरातींत हल्ली पगाराचा आकडा दिसू लागला आहे, हे आपल्यापैकी अनेकांच्या लक्षात आलं असेलच. आपल्या न्यू जर्सीत १ जून २०२५ पासून तसा कायदाच आहे. दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या कंपनीनं जाहिरातीत पगार किंवा पगाराची रेंज द्यायची, आणि इन्शुरन्स वगैरे लाभांची थोडक्यात माहितीही. त्याच्या आधीपासून, म्हणजे १ जानेवारी २०२० पासून, आणखी एक कायदा इथे लागू आहे. उमेदवाराला “सध्या पगार किती?” किंवा “आधीच्या नोकरीत किती मिळत होता?” असं कंपनीनं विचारायचं नाही. एक कायदा कालचा पगार झाकतो, दुसरा उद्याचा उघडा करतो.

हा विषय आपल्याकडे निघाला की बहुतेकांचा सूर असतो, “आपण आयटीवाले, आपल्याला बाजारभाव मिळतोच, हे कायदे दुसऱ्या कोणासाठी.” आम्हाला तसं मुळीच वाटत नाही. या कायद्यांची गरज असलेल्यांत आपण पुढच्या रांगेत आहोत, आणि त्यांचा फायदा न घेणाऱ्यांतही पुढच्याच रांगेत.

जुना पगार विचारण्यात एवढं वाईट काय, असं कोणी म्हणेल. त्यासाठी कॅलिफोर्नियातल्या आयलीन रिझो यांचा खटला पाहण्यासारखा आहे. शिक्षकांना गणित कसं शिकवावं याचं मार्गदर्शन करण्याच्या कामावर त्या २००९ साली फ्रेस्नो काउंटीच्या शिक्षण खात्यात लागल्या. तिथला नियम साधा होता: उमेदवाराचा आधीचा पगार घ्या, त्यात ५ टक्के मिळवा आणि वेतनश्रेणीत जी पायरी येईल तिथे बसवा. रिझो ॲरिझोनाहून आलेल्या, तिथे पगार कमी. ५ टक्के मिळवूनही आकडा सर्वांत खालच्या पायरीपर्यंत पोचेना, म्हणून त्यांना पहिल्या पायरीवर बसवलं. २०१२ साली सहकाऱ्यांबरोबर जेवताना गप्पांत कळलं की नव्यानेच लागलेला एक पुरुष सहकारी थेट नवव्या पायरीवर आहे. काम तेच. खात्याचं म्हणणं असं की आम्ही बाई-पुरुष बघितलंच नाही, फक्त जुना पगार बघितला. नवव्या सर्किट कोर्टानं २०२० मध्ये हे म्हणणं फेटाळलं. आधीच्या पगारातच भेदभाव मुरलेला असू शकतो, तेव्हा तो पुढच्या कमी पगाराचं समर्थन होऊ शकत नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ.

आता रिझोबाईंच्या जागी आपल्या ओळखीची माणसं ठेवून बघा. त्यांच्या बाबतीत अंतर एका राज्याचं होतं, आपल्या बाबतीत ते एका चलनाचं असतं. पुण्याहून किंवा ठाण्याहून आलेल्या इंजिनिअरनं आपला रुपयांतला पगार डॉलरमध्ये करून सांगितला, तर ऐकणारा रिक्रूटर मनातल्या मनात पेढे वाटेल. एच-१बीला सरकारनं ठरवलेल्या प्रचलित वेतनाचा तळ असतो, त्यामुळे त्याच्याखाली कोणी नेऊ शकत नाही. पण तळ म्हणजे तळच, कोणाच्या कामाचं मोल नव्हे.

याहून नाजूक गोष्ट आपल्या घरातल्या बायकांची. एच-४ व्हिसावर आलेल्या किती जणी इथे वर्षानुवर्षं घरी बसल्या! २०१५ साली त्यांच्यातल्या काहींना, म्हणजे ज्यांच्या नवऱ्याचं ग्रीन कार्डचं काम ठरावीक टप्प्यापर्यंत आलं होतं त्यांना, कामाचा परवाना मिळू लागला. आठ-दहा वर्षांच्या खंडानंतर अर्ज करणाऱ्या बाईला “शेवटचा पगार किती?” हे विचारणं म्हणजे तिला हैदराबाद किंवा नाशिकच्या जुन्या आकड्यावर नेऊन उभं करणं. मग पहिली नोकरी “अनुभव मिळतोय ना” म्हणून कमी पगारावर घ्यायची, आणि तोच आकडा पुढच्या प्रत्येक मुलाखतीत सोबत न्यायचा. ही साखळी तुटावी म्हणून मॅसॅच्युसेट्सनं २०१६ साली सर्वांत आधी जुना पगार विचारण्यावर बंदी आणणारा कायदा केला, तो २०१८ च्या जुलैत लागू झाला. न्यू यॉर्क शहर, कॅलिफोर्निया, इलिनॉय, आपलं राज्य, अशी यादी मग वाढत गेली. (मिशिगन आणि विस्कॉन्सिननं २०१८ मध्ये उलटा रस्ता धरला: आपल्या गावांना आणि शहरांना अशी बंदी घालायलाच मनाई केली. देशभरासाठी एक कायदा नाही, त्यामुळे पत्ता बदलला की हक्क बदलतो.)

बंदीनं फरक पडतो का? बोस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये बंदी असलेल्या आणि नसलेल्या राज्यांची तुलना केली. बंदीनंतर नोकरी बदलणाऱ्यांचा पगार साधारण ५ टक्के, बायकांचा ८ टक्के आणि कृष्णवर्णीयांचा १३ टक्के अधिक वाढलेला त्यांना दिसला.

पण या कायद्याला एक भोक आहे, आणि त्यातून सर्वांत जास्त गळती आपल्यासारख्यांचीच होत असावी असा आमचा संशय आहे. उमेदवारानं कोणी न विचारता, आपणहून जुना पगार सांगितला, तर कंपनी तो विचारात घेऊ शकते. आपण वाढलो ते “सध्याचा सीटीसी, अपेक्षित सीटीसी” असे रकाने भरत. सोबत तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा. नवा पगार म्हणजे जुन्यावर किती टक्के हाइक, हे समीकरण डोक्यात इतकं पक्कं, की फोनवर रिक्रूटरनं नुसतं “स्वतःबद्दल सांगा” म्हटलं तरी आपल्यातला भला माणूस नाव, गाव, शिक्षण आणि पगार एका दमात सांगून मोकळा होतो.

तेव्हा नेमकं काय चालतं ते माहीत असावं. “तुमची अपेक्षा किती?” हे विचारायला न्यू जर्सीत बंदी नाही. त्याचं उत्तर जुन्या पगारावरून काढण्याचं कारण नाही, जाहिरातीतल्या रेंजवरून काढावं. अनेक राज्यांत कारभार असलेल्या कंपन्यांच्या अर्जात जुन्या पगाराचा रकाना असू शकतो, पण न्यू जर्सीच्या उमेदवारांनी तो भरू नये अशी सूचना तिथे असावी लागते. ती बारीक अक्षरांत असते, शोधून वाचावी. आणि खोटा आकडा फुगवून सांगणं हा उपाय नव्हे. पगार आणि लाभ यांची सगळी माहिती देऊन ऑफर हातात ठेवल्यावर, जुन्या पगाराची खातरजमा करण्यासाठी कंपनी तुमची लेखी परवानगी मागू शकते.

आता जाहिरातींतल्या रेंजकडे येऊ. पळवाटा इथेही निघाल्याच. कोलोरॅडोनं २०२१ च्या जानेवारीपासून पगार छापणं सक्तीचं केलं, तेव्हा घरून करण्याच्या नोकऱ्यांच्या काही जाहिरातींत “कोलोरॅडोवासीयांनी अर्ज करू नये” असं चक्क लिहिलं गेलं. न्यू यॉर्क शहरात १ नोव्हेंबर २०२२ ला नियम लागू झाला आणि लाख डॉलरांहून रुंद रेंज झळकल्या. घर घेताना “किंमत दोन लाख ते आठ लाख” असं एजंटनं सांगितलं तर आपण त्याला चहासुद्धा विचारणार नाही, पण नोकरीच्या बाबतीत आपण तीच थाप वाचून वरच्या आकड्याची स्वप्नं बघतो. कॅलिफोर्नियानं यावर १ जानेवारी २०२६ पासून व्याख्या घट्ट केली आहे: नव्या माणसाला रुजू होताना प्रत्यक्ष जे देण्याचा इरादा आहे, त्याचा प्रामाणिक अंदाज छापायचा. इतर राज्यांत हा प्रश्न उमेदवारानंच विचारावा: “या रेंजमध्ये तुम्ही साधारण कुठल्या आकड्यावर माणूस घेता?”

आमच्या मते या कायद्याचा मोठा उपयोग नोकरी शोधणाऱ्याला नाहीच, तो आहे नोकरीत बसून राहिलेल्याला. ग्रीन कार्डच्या रांगेत दहा-दहा वर्षं एकाच कंपनीत काढलेली मंडळी आपल्यात थोडी नाहीत. नोकरी बदलली तर कागदपत्रांचं काय, या धास्तीनं वर्षाला दोन-तीन टक्क्यांवर समाधान मानलेलं. त्यांनी आपल्याच कंपनीची, आपल्याच पदाची नवी जाहिरात वाचावी. काल कॉलेजातून बाहेर पडलेल्याला आपल्याएवढा पगार देऊ करत आहेत हे काहींना तिथे पहिल्यांदा दिसेल. शिवाय न्यू जर्सीत आता बढतीची जागा निघाली की त्या विभागातल्या सगळ्यांना ती कळावी, यासाठी कंपनीनं वाजवी प्रयत्न करावे लागतात.

दुसरी बाजूही सांगायला हवी. झोई कलन आणि बॉबक पाकझाद-हर्सन या अर्थशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांना पगाराविषयी बोलण्याचं संरक्षण देणारे राज्यांचे कायदे तपासले, तेव्हा सरासरी पगार सुमारे २ टक्क्यांनी घटलेले आढळले. कारण सरळ आहे. एकाला वाढ दिली तर उद्या दहा जण दारात उभे राहतील हे कळल्यावर मालक पहिल्यालाच नाही म्हणतो. म्हणजे घासाघीस करण्यात पटाईत असलेल्याचं नुकसान. पण ज्यांच्या हाती घासाघिशीची ताकद मुळातच कमी, त्यांच्यात हा परिणाम सौम्य असतो असंही त्यांनीच दाखवलं आहे. व्हिसाच्या दोरीला बांधलेल्या माणसाची ताकद किती, हे आम्ही वेगळं सांगायला नको.

गंमत म्हणजे पगार उघड असणं आपल्याला नवं नाही. एच-१बीसाठी कंपनी जो श्रम खात्याचा अर्ज भरते, त्यात पगाराचा आकडा असतो. त्याची सूचना कामाच्या जागी लावावी लागते: कागदावर असेल तर ठळक दिसेल अशा दोन ठिकाणी, १० दिवस. कॉफी मशीनशेजारच्या बोर्डावर किती जणांनी ती पाहिली असेल! शिवाय त्याची फाइल कोणालाही बघता येते, आणि श्रम खातं या अर्जांची माहिती, माणसाचं नाव वगळून, प्रसिद्ध करतं. कंपनी, पद, गाव, पगार, सगळं त्यात मिळतं. म्हणजे आपला पगार बोर्डावर टांगलेला, आणि आपण मात्र तो शेजारच्या खुर्चीवरच्या मित्रापासून लपवतो. “चांगलं चाललंय” यापलीकडे गाडी जात नाही. घराची किंमत, मुलाचे सॅटचे गुण, गाडीचा हप्ता, सगळं विचारून होतं, पगार तेवढा सोवळ्यात.

या सोवळ्याची किंमत लिली लेडबेटर यांनी मोजली. अलाबामातल्या गुडइयर कारखान्यात त्यांनी १९७९ ते १९९८ अशी एकोणीस वर्षं काढली. शेवटी कोणीतरी निनावी चिठ्ठी ठेवली तेव्हा कळलं: १९९७ अखेर त्यांचा महिन्याचा पगार ३,७२७ डॉलर, त्याच कामावरच्या पुरुषांत सर्वांत कमी पगारवाल्याचा ४,२८६, सर्वांत जास्त ५,२३६. सुप्रीम कोर्टानं २००७ मध्ये सांगितलं, तक्रारीला उशीर झाला. ते दुरुस्त करायला २००९ चा कायदा यावा लागला. सहकाऱ्यांशी पगाराबद्दल बोलण्याचा हक्क मात्र खासगी नोकरीतल्या बहुतेकांना १९३५ च्या श्रमसंबंध कायद्यानंच दिलेला आहे. सुपरवायझर त्यातून वगळलेले, हे व्यवस्थापक झालेल्यांनी लक्षात ठेवावं.

आणखी एक, खास कन्सल्टिंगमधल्या मंडळींसाठी. न्यू जर्सीत नोंदणी केलेल्या टेंपररी किंवा कन्सल्टिंग फर्मला, नुसती नावं गोळा करण्यासाठी दिलेल्या जाहिरातीत पगार छापण्याची सक्ती नाही. पण ठरावीक जागेसाठी मुलाखत घेताना किंवा कामावर घेताना तो सांगावा लागतो. “क्लायंटनं घेतलं की मग बघू” हे उत्तर चालत नाही. जाहिरातीत पगार नसेल तर तक्रार राज्याच्या श्रम खात्याकडे करायची, आपल्याला थेट कोर्टात जाता येत नाही. दंड पहिल्या वेळी जास्तीत जास्त ३०० डॉलर, पुढे प्रत्येक वेळी ६००. जुना पगार विचारल्याचा दंड मात्र पहिल्यांदा १,००० पर्यंत, दुसऱ्यांदा ५,००० आणि त्यानंतर १०,००० पर्यंत जातो. मुलाखतीत कोणी तो विचारलाच, तर त्याच दिवशी तारीख, नाव आणि प्रश्न लिहून ठेवावा.