घरचा हिशेब : नेट किती लागते, पैसे किती द्यावे?

गडबला आमच्या आळीतील एक ताई परवा संध्याकाळी हातात जाहिरातीचे पत्रक घेऊन आल्या. "भाऊ, तुम्ही हापिसात हिशेब करता, एवढं बघा. हे वायरवालं नेट घ्यावं की नको?"

त्यांचे पती डोलवीला कंत्राटी कामावर. मुलगी बारावीत. तिच्या मोबाइलचा रोजचा दीड जीबी संध्याकाळीच संपतो आणि अभ्यासाचा व्हिडिओ अर्ध्यावर थांबतो. परीक्षा तोंडावर आलेली.

आम्ही म्हणालो, ताई, पत्रक बाजूला ठेवा. धान्य भरताना आपण आधी घरातली तोंडे मोजतो, तसेच हे.

नेटफ्लिक्स कंपनीच्याच माहितीप्रमाणे साध्या चित्राला तासाला 1 जीबीपर्यंत, तर एचडी चित्राला 3 जीबीपर्यंत डेटा लागतो. मुलीचा अभ्यास दोन तास, म्हणजे 2 जीबी. टीव्हीवर एचडी मालिका एक तास, 3 जीबी. धाकट्याचा मोबाइल एक तास, 1 जीबी. दिवसाचे 6, महिन्याचे 180 जीबी झाले. घरातले तीन मोबाइल दीड जीबीप्रमाणे 28 दिवसांत मिळून 126 जीबीच देतात. म्हणजे वायरचे नेट घेण्यात अर्थ आहे. मात्र अनेक घरगुती योजनांत मर्यादा 3300 जीबी असते. एवढे आपल्याला लागतच नाही. वेगाचेही तेच. एका एचडी चित्राला 5 एमबीपीएस पुरतो. तिघांनी एकदम पाहिले तरी 15. तेव्हा 30 चा वेग असताना 100 साठी जादा पैसे का मोजावेत?

आता पैसे. पत्रकात 399 रुपये लिहिले असतील तर त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 470 रुपये 82 पैसे होतात. जोडणीचे पैसे, राउटरची अनामत वेगळी आहे का, हे विचारून कागदावर लिहून घ्यावे.

मोबाइलचा खर्चही बघा. 28 दिवसांचे रिचार्ज वर्षातून 12 नव्हे, 13 वेळा करावे लागते. घरात वायफाय आले की घरीच असणाऱ्या माणसाच्या मोबाइलला रोजचा डेटा कशाला? ट्रायने डिसेंबर 2024 मध्ये कंपन्यांना फक्त बोलणे व एसएमएस यांचे वेगळे पॅक देणे बंधनकारक केले आहे. दुकानदार आपणहून सांगेलच असे नाही, आपण मागावे. घराबाहेर कामाला जाणाऱ्याचा डेटा तेवढा ठेवावा.

एक चूक आम्ही स्वतः केली आहे. सवलतीच्या लोभाने एका कंपनीला वर्षाचे पैसे आगाऊ भरले आणि पावसाळ्यात लाइन आठवडाभर बंद पडली. पैसे अडकलेले, त्यामुळे दुसरीकडे जाताही येईना. म्हणून आधी एकाच महिन्याचे भरावे. शेजारी कोणाची लाइन पावसात टिकते ते विचारावे. वीज गेली की राउटरही बंद होतो, हेही ध्यानात असावे.

ताईंनी सर्वांत स्वस्त योजना एका महिन्यासाठी घेतली आणि स्वतःच्या मोबाइलला बोलण्यापुरता पॅक टाकला. घरात नियमही केला : सात ते नऊ टीव्ही बंद, ती वेळ मुलीच्या अभ्यासाची. हा नियम कोणत्याही पत्रकात छापलेला नसतो. तो आपणच करायचा असतो, आणि त्याला पैसा लागत नाही.