गव्हाण आणि कचरा

टाकाऊ वस्तूंना भडक रंग देऊन घडविलेल्या कृतीस कला म्हणावे काय, आणि म्हटलेच तर तिला देवमंदिरात जागा द्यावी काय, असे प्रश्न आपल्यातील काही सुविद्य बांधव मोठ्या तावातावाने विचारतात. त्यांनी जरा गोव्याकडे पाहावे.

डॉ. सुबोध केरकर यांनी वैद्यकी सोडून कला पत्करली. शिंपले, जुन्या होड्यांची लाकडे, टायर ही त्यांची सामग्री. पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत २०१५ साली त्यांनी 'म्युझियम ऑफ गोवा' उभारले. २०१७ मध्ये साळगाव येथे त्यांनी फेकलेल्या प्लास्टिकच्या सुमारे दीड लाख बाटल्यांपासून रंगीबेरंगी फुलांचा गालिचा मांडला. दुरून बाग, जवळून आपणच भिरकावलेल्या बाटल्या! 'यात कसले कौशल्य?' असे विचारणाऱ्याने एका बाटलीचे फूल करून पाहावे.

आम्ही केरकरांचे भाट नव्हे. उन्हात प्लास्टिक ठिसूळ होते, त्याचे तुकडे मातीत मिसळतात. प्रदर्शनानंतर त्या फुलांचे काय, हे कलावंतास विचारलेच पाहिजे.

परंतु पावित्र्याचा आक्षेप आम्हांस मुळीच मान्य नाही. त्याचे मूळ भक्तीत नाही, किमतीत आहे. जे महाग ते पवित्र, ही आपली समजूत! म्हणून प्लास्टिकची फुले वेदीवर चालतात, आणि महाराष्ट्र शासनाने २०१८ साली थर्माकोलच्या सजावटीवर बंदी घालीपर्यंत थर्माकोलची गुहाही आपणांस खुपली नाही. तो कचरा नव्हता काय? दुकानातून विकत आणलेला, इतकेच. संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो येथे गोठा मांडला, तेव्हा तेथे गवत होते, गव्हाण होती, जिवंत बैल आणि गाढव होते. मूर्ती एकही नव्हती.

आमच्या सटाण्यात कांद्याच्या फाटक्या लाल जाळीदार गोण्या, मोडके क्रेट, ठिबकच्या जुन्या नळ्या यांना तोटा नाही. त्यांतून मुलांनी नाताळचा गोठा उभारावा. (कीटकनाशकांच्या बाटल्यांना मात्र, धुतलेल्या असल्या तरी, त्यांनी हात लावू नये.) यंदा सजावटीची वर्गणी मागण्यास कोणी दारी आला, तर पैसे देण्यापूर्वी त्यास दोनच प्रश्न विचारा: सामान कोठून आणणार, आणि सणानंतर कोठे टाकणार?